भवानी होईपर्यंत

माझ्या भाच्याच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ वाईट खेळतो, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. तो उत्तम खेळतो. फक्त उशिरा खेळायला लागतो. दहा मिनिटांचा पहिला क्वार्टर संपतो तेव्हा फलकावर 4-17 असं काहीतरी असतं, आणि त्या चारातले दोन गुणही समोरच्यांनी फाउल करून आपण होऊन हातावर ठेवलेले असतात. शेवटच्या क्वार्टरात हीच पोरं वारं अंगात आल्यासारखी खेळतात. सामना दोन-तीन गुणांनी जातो आणि घामाघूम कॅप्टन म्हणतो, "अजून दोन मिनिटं मिळायला पाहिजे होती यार!" सुरुवातीला दहा मिळाली होती, हे त्याला सांगायचं कुणी?

आम्ही मरोळला राहतो. इथे उशिराचं कारण शोधायला घराबाहेर पाऊल टाकलं की पुरतं. अंधेरी-कुर्ला रोड आहे, साकीनाका आहे, त्यातून कुणी सुटलाच तर मरोळ-मरोशी रोड त्याला सोडत नाही. बास्केटबॉलचा नियम सांगतो की चेंडू हातात आल्यावर 8 सेकंदांत मध्यरेषा ओलांडा. ज्यानं आयुष्यात कधी 8 मिनिटांत मरोळ नाका ओलांडलेला नाही, त्या पोराकडून ही अपेक्षा करणं मला सुरुवातीपासूनच अन्यायाचं वाटत आलं आहे.

पण ही सबब मेट्रोनं मारली. 2014 मध्ये घाटकोपर-वर्सोवा मार्ग आला, तेव्हाच ती आजारी पडली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये भुयारी मार्ग सुरू होऊन मरोळ नाक्याला दोन मेट्रो भेटू लागल्या, ऑक्टोबर 2025 मध्ये तो आरे ते कफ परेड असा पूर्ण झाला आणि सबबीनं प्राण सोडला. आता संघ सामन्याच्या तासभर आधी पोचतो, वडापाव खातो, सेल्फी काढतो आणि ठरल्याप्रमाणे 4-17 नं मागे पडतो.

मग इतर उपपत्ती पुढे आल्या. ताई म्हणाली, सकाळी पोटात काही नसतं. (वडापाव ती अन्नात धरत नाही.) संघाचे सर म्हणाले, वॉर्म-अप नीट होत नाही, स्नायू तापलेले नसतात. त्यांनी वॉर्म-अप दुप्पट केला. पोरं तापली, आणि दमून मैदानात उतरली. एकानं कोर्टाला दोष दिला: आपलं सिमेंटचं, बाहेर लाकडी, चेंडूची उसळी वेगळी. हे पटण्यासारखं होतं, फक्त घरच्या सिमेंटवरही पहिला क्वार्टर तसाच जात होता.

भाच्यानं तर थेट मुंबई इंडियन्सना साक्षीला बोलावलं. "मामा, 2013 पासून 2025 पर्यंत दर सीझनची पहिली मॅच हरलेत ते. तरी पाच ट्रॉफ्या!" मी म्हटलं, "अरे, त्यांचा पहिला सामना गेला तरी साखळीत तेरा उरतात. तुमच्याकडे तीस मिनिटं उरतात." त्यावर त्यानं इतिहास काढला. डिसेंबर 1891 मध्ये नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी अमेरिकेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ पहिल्यांदा खेळवला, तेव्हा अख्ख्या सामन्यात एकच बास्केट झाली होती. म्हणजे आमचा संघ ढिला नाही, परंपरावादी आहे.

शेवटी मी एका सामन्याला सरळ बाकाच्या मागे जाऊन बसलो आणि फलक सोडून फक्त चेंडू बघितला. चेंडू कॅप्टनकडे आला. समोर कुणी नव्हतं, मारायला हरकत नव्हती. त्यानं रिंगकडे बघितलं, मग डावीकडे पास दिला. डावीकडच्यानं तो हातात निखारा आल्यासारखा भाच्याकडे टाकला. भाच्यानं दोन टप्पे घेतले, तोंडावरचा घाम दंडानं पुसला आणि चेंडू परत कॅप्टनकडे. 24 सेकंदांतले 22 असे "तू मार, तू मार" करण्यात गेले आणि शेवटी ज्याच्या हातात सापडला त्यानं डोळे मिटून फेकला. तो बोर्डालाही लागला नाही. पहिला नेम चुकवल्याचं पाप कुणालाच नको होतं. पंधरा गुणांची पिछाडी पडली की ते पाप पाचांत वाटलं जातं, कुणाच्या एकाच्या नावावर राहत नाही, आणि मग सगळे मोकळे होऊन मारत सुटतात.

नागपाड्यात असं होत नाही म्हणतात. अर्जुन पुरस्कार मिळवणारे बास्केटबॉलपटू अब्बास मुंतसिर त्याच मोहल्ल्यातले. तिथल्या बारक्या पोराच्या हातात चेंडू आला की तो आधी मारतो आणि मग परवानगी मागतो.

माझा हा शोध मी मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात, बोंबील निवडता निवडता बोलून दाखवला. विकणाऱ्या मावशी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भवानीच होत नाय त्यांची. भवानीला भाव बघायचा नसतो, दादा. पयलं गिऱ्हाईक आलं की देऊन टाकायचं." आणि मला मात्र शंभराचा वाटा ऐंशीला दिला नाही, कारण त्यांची भवानी सकाळीच झाली होती.

मी हे सरांच्या कानावर घातलं. मावशींचं नाव न घेता, अर्थात, क्रीडाशास्त्र म्हणूनच. सरांनी पुढच्या सामन्यात पाचही मुख्य खेळाडू बाकावर बसवले आणि बदली पोरं उतरवली. त्यांच्याकडे घालवायला अब्रूच नव्हती. चेंडू आला की मारायचा, एवढंच त्यांना ठाऊक. क्वार्टर संपला तेव्हा आम्ही 14-9 नं पुढे! ताईनं पर्समधून पेढे काढले. दुसऱ्या क्वार्टरला सरांनी मोठ्या समाधानानं आपले पाच हुकमी एक्के मैदानात पाठवले, आणि त्यांनी तिथून आपला पहिला क्वार्टर सुरू केला. मध्यंतराला 18-26. ताईनं पेढे परत पर्समध्ये ठेवले.

आता सरांपुढे प्रश्न असा, की बदली पोरांना खेळवत राहिलं तर तीच मुख्य होणार, आणि एकदा मुख्य झाली की तीही "तू मार" म्हणणार. तूर्त ते विचार करताहेत.

मध्येच एकदा मात्र संघानं सामना पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत खिशात ठेवला. समोरचा संघ आलाच नाही. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं वाट पाहून पंचांनी 20-0 असा निकाल दिला. पंधरा मिनिटांत पाच खेळाडू मैदानात हजर असावे लागतात, आणि आमचा पाचवा चौदाव्या मिनिटाला वडापावचा कागद चुरगाळत आला, ही गोष्ट वेगळी. रात्री भाचा घरी आला तो छाती काढून.

"मामा, काय स्टार्ट होता आज!"