पाय कसा भाजावा

सुरुवातीलाच खुलासा केलेला बरा. इथे ज्या पायाचं मार्गदर्शन केलं आहे तो खाण्याचा पाय. गोल, गोड, मैद्याच्या पारीत रताळ्याचं सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला. हा खुलासा मी आमच्या इमारतीत वेळेवर केला नाही, त्याची फळं पुढे येतीलच.

माझी भाची अटलांटाला असते. अमेरिकेच्या दक्षिणेत थँक्सगिव्हिंगच्या जेवणात रताळ्याचा पाय लागतोच. उत्तरेकडचे लोक लाल भोपळ्याचा करतात, आणि दोन्हीकडच्यांना आपलाच खरा वाटतो, जसं पुरणपोळीत गूळ की साखर यावरून आपल्याकडे होतं. भाचीने फोटो पाठवला. मी मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरात चहा पिता पिता जाहीर केलं की हा पाय मी करणार. "करा," बायको म्हणाली. "पण ओटा पुसून द्यायचा." इच्छुकांनी हे वाक्य पाककृतीचाच भाग समजावं.

पहिली पायरी मुहूर्ताची. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येतो. दरवर्षी, न चुकता, गुरुवारीच. पायात दोन अंडी पडतात आणि आमच्या घरात गुरुवारी अंडं शिजत नाही. म्हणजे अमेरिकनांनी हा सण आमच्या घराशी सल्लामसलत न करता ठरवलेला दिसतो. मग मी कार्तिकी एकादशी सुचवली. रताळं उपासाला चालतं, बाजारात त्या दिवसांत ढिगांनी येतं, सगळं जुळतंय.

"मैदा आहे ना त्यात?" आईने विचारलं.

"आहे."

"आणि अंडी?"

"दोनच."

आईने चष्मा काढून पदराने पुसला. तो पुसायला घेतला की निकाल लागलेला असतो. तरी मी इतिहास मांडला. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणाही तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची, राजगिरा तिकडचा आणि रताळंही. एकादशीच्या ताटातली वरी सोडली तर निम्मी पंगत समुद्र ओलांडून आलेली आहे. मग एका पायानेच काय घोडं मारलंय?

"ती सगळी आली ती उपास धरून आली," आई म्हणाली. "तुझा मैदा काही धरत नाही."

याला उत्तर नाही. मुहूर्त रविवारचा धरावा.

जाता जाता एक गोष्ट. 'बटाटा' हा शब्दही मुळात रताळ्याचा. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला तसं काहीसं म्हणत. युरोपातून गेलेल्या मंडळींनी ते नाव उचललं आणि पुढे ते दुसऱ्याच कंदाला चिकटलं. पोर्तुगिजांनी आपल्याकडे शब्द आणला तो या चिकटलेल्या अर्थाने. दोघांचं नातं काहीच नाही. बटाटा वांग्या-टोमॅटोच्या कुळातला, रताळं गारवेलीच्या. म्हणजे बटाटेवड्याच्या नावावर खरा हक्क रताळ्याचा आहे, पण दावा मुदतबाह्य झालाय.

दुसरी पायरी खरेदीची. अमेरिकन रताळं आतून केशरी आणि ओलसर असतं. आपलं बाहेरून लाल, आतून पांढरं आणि पिठूळ. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने 'भू सोना' नावाचं केशरी वाण काढलंय, हे वाचून मी स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडे 'भू सोना आहे का' म्हणून विचारलं. त्याने माझ्याकडे, मग माझ्या कापडी पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, सोनं समोरच्या गल्लीत." तेव्हा साधं लाल रताळं घ्यावं, साधारण पाऊण किलो. बारीक आणि वाकडी रताळी चिवट, दोऱ्यांची निघतात. मध्यम जाडीची, टणक बघून घ्यावीत. तिकडच्या पाककृतीत रताळ्यालाच कधी कधी 'याम' म्हणतात, त्याने घाबरून सुरण आणू नये. आमच्या एका नातेवाइकांनी आणला होता. ते अजून हात खाजवतात.

तिसरी पायरी म्हणजे ओव्हन खाली काढणं. उपनगरात ओव्हन दोन प्रकारचे. एक ओट्यावरचा, तो दुसऱ्यांच्या घरी असतो. दुसरा माळ्यावरचा. आमच्या ओव्हनच्या पोटात चकलीचा सोऱ्या, दोन मोदकपात्रं, एका लग्नातले स्टीलचे पेले आणि ओव्हनचंच माहितीपत्रक निघालं. तो 15 अँपिअरच्या प्लगलाच लावावा, आणि त्या वेळी गीझर चालू नाही ना हे स्वतः बाथरूमपर्यंत जाऊन बघावं. आम्ही नुसती हाक मारून विचारलं होतं. एमसीबी पडला, आणि साबण लावलेल्या अवस्थेतून आमचा मुलगा जे बोलला ते या मार्गदर्शनात बसत नाही.

आता रताळी भाजणं. इथे घाई करून कुकर लावू नये, हे मात्र गंभीरपणे सांगतोय. रताळ्यात एक एन्झाइम असतं. साधारण 60 ते 80 अंशांच्या टप्प्यात ते पिष्टाची साखर करत राहतं. कुकरमध्ये तो टप्पा झटकन ओलांडला जातो, एन्झाइम मरतं आणि हाती येतो पाणचट लगदा. सावकाश भाजलं की वेळ मिळतो, सालीतून पाक पाझरतो आणि खाली काळा चिकट थेंब जमतो. चुलीच्या फुफाट्यात रताळं पुरून ठेवणाऱ्या आज्यांना हे रसायनशास्त्र न शिकता येत होतं. 200 अंशांवर तासभर, सालीसकट, वर काट्याने टोचे मारून. घरात वास सुटला तशी आई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, काही न बोलता परत गेली.

या तासाभरात करायला काही नसतं, म्हणून कपाटातलं 'एक होता कार्व्हर' काढलं. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक 1981 साली आलं, आणि मराठी घरात ते नसेल तर कुणीतरी वाचायला नेऊन परत केलेलं नसतं. आपल्याला कार्व्हर शेंगदाण्यांमुळे ठाऊक. पण 1896 मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला गेल्यावर कापसाने खंगलेल्या जमिनीसाठी त्याने भुईमुगाच्या जोडीला रताळंही उभं केलं, त्यापासून शंभरावर वस्तू दाखवल्या आणि गरीब शेतकऱ्यांसाठी काढलेल्या पत्रकांतून रताळ्याच्या पाककृतीही छापल्या, त्यात पायसुद्धा. गुलामगिरीत राबलेल्या आणि त्यातून सुटलेल्या कृष्णवर्णीय बायकांनी हाताशी असलेल्या कंदावर मालकांकडचा लोणी-साखरेचा थाट चढवून हा पदार्थ आपला केला. त्यामुळे 'फॉरेनचं काहीतरी' असं म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांना मी पुस्तक दाखवतो. आईला दाखवलं नाही. तिने ते माझ्या आधी वाचलंय.

पारी. 160 ग्रॅम मैदा, 115 ग्रॅम थंड बटर, चिमूट मीठ, तीन-चार चमचे बर्फाचं पाणी. पाककृतीत लिहिलेलं असतं, 'बटर खोलीच्या तापमानाला येऊ देऊ नका.' मुंबईत खोलीचं तापमान म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला माहीत नसावं. मी मैदा चाळेपर्यंत बटरची चटणी झाली होती. बोरिवलीच्या आयसी कॉलनीत राहणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या एका बाईंना फोन केला. त्यांच्याकडे नाताळाला घरी केक होतात. मुलुंड-बोरिवलीच्या मध्ये अख्खं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातले बिबटे आहेत, पण सल्ला सरळ रेषेत पोचला. बटर फ्रीजरमध्ये दगड करायचं आणि सरळ किसणीवर मैद्यात किसायचं, नारळ किसतो तसं. बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळवा लावायचा नाही. लोण्याचे दाणे मैद्यात सुटे राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये ते वितळले की त्यांच्या जागी वाफ होते आणि पारी खुसखुशीत होते. गोळा फ्रीजमध्ये अर्धा तास.

मग लाटणं. माझी पारी श्रीलंकेच्या आकाराची झाली. आई मागे उभी होतीच. "सर," म्हणाली, आणि लाटण्याच्या सात-आठ फेऱ्यांत तिने कंपासने काढावा तसा गोल केला. अंडं-मैद्याबद्दल तिचं मत बदललेलं नव्हतं. वाकडी पोळी तिला बघवत नाही, एवढंच.

पायाची खास थाळी क्रॉफर्ड मार्केटात मिळते. आम्ही जर्मनची, उभ्या काठाची ताटली घेतली, नऊ इंची.

पारी आधी कोरीच थोडी भाजून घ्यावी लागते. ती मध्ये फुगू नये म्हणून तिच्यावर बटर पेपर घालून त्यात वजन भरतात. तिकडे यासाठी चिनी मातीचे मणी मिळतात. आपण छोले घ्यावेत. आमच्या डब्यात अर्धा किलो होते, ते सगळे वापरले. पंधरा मिनिटांनी छोले काढून मी ते गार केले आणि घरातल्या माणसाला शोभेल अशा व्यवस्थितपणाने परत त्यांच्या डब्यात भरून ठेवले. हे वाक्य लक्षात ठेवावं.

सारणासाठी भाजलेलं रताळं सोलून पुरणयंत्रातून काढावं. मिक्सर नको; पुरणयंत्राच्या जाळीवर दोरे अडकून राहतात आणि खाली रेशमासारखा गोळा येतो. अमेरिकेला पुरणयंत्र ठाऊक असतं तर... असो. या दोन वाट्या सारणात 100 ग्रॅम बटर, वाटीभर साखर (मी निम्मा गूळ घेतला), दोन अंडी, अर्धी वाटी आटवलेलं दूध, दालचिनी आणि जायफळ. दूध डबाबंद आणायची गरज नाही. अर्धा लिटर घेऊन निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवावं, बासुंदीच्या अलीकडे थांबावं. मिल्कमेड चालत नाही, ते आधीच साखरेत बुडालेलं असतं. जायफळ सहाणेवर उगाळताना आई म्हणाली, "पुरणच करायचं होतं तर पोळ्या केल्या असत्या मी." मी हात थांबवून वाटीत पाहिलं. गूळ, जायफळ, दूध, यंत्रातून काढलेला गोड गोळा आणि बाहेरून मैद्याची पारी. अटलांटाहून आलेला फोटो ओळखीचा का वाटत होता ते तेव्हा कळलं.

180 अंशांवर पन्नास ते साठ मिनिटं. कडा घट्ट आणि मधला भाग दह्यासारखा किंचित थरथरता असला की काढावा. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर मध्ये भेग पडते. त्यानंतर दोन तास हात लावू नये. पाय गरम असताना कापला तर सारण वाहून जातं.

त्या दोन तासांत काय घडलं ते असं. भाचीला फोटो पाठवावा म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि 'अखेर पाय भाजला!' असं लिहून, घाईत, इमारतीच्या ग्रुपवर पाठवलं. फोटो चढायला वेळ लागत होता. मजकूर लगेच पोचला.

पाच मिनिटांत तळमजल्यावरचे काका बर्नोल घेऊन हजर. त्यांच्या मागे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कोरफडीचं अख्खं पान मोडून घेऊन आलेल्या. वॉचमनने खालूनच विचारलं, रिक्षा थांबवू का. समोरच्या गुजराती भाभी म्हणाल्या, "अरे, आ शुं थयुं?" आणि खुर्ची ओढून माझा पाय वर घ्यायला लावला. मी दोन्ही पाय दाखवले. काकांनी चष्मा लावून तपासले. मग बायकोने सगळ्यांना स्वयंपाकघरात नेऊन भाजलेला पाय दाखवला. काका जरा हिरमुसले. बर्नोलची ट्यूब त्यांनी नवी कोरी फोडली होती.

आल्यासारखं सगळ्यांना पाय देणं भाग होतं. भाभी जैन. त्यांना अंडं नाही आणि कंदमूळही नाही, म्हणजे पायातला जवळजवळ प्रत्येक कण वर्ज्य. त्यांनी पाणी घेतलं आणि वास मात्र छान आहे म्हणाल्या. वहिनींचा रविवार होता, पण संकष्टीही होती. काकांना साखर. त्यांनी 'अगदी चिमूट' म्हणत दोन तुकडे खाल्ले आणि दुसऱ्या तुकड्याच्या वेळी बर्नोल खिशात परत ठेवली. आईने पारीची कड बाजूला काढली, सारण चमच्याने खाल्लं. अंडं लागलं का विचारलं तर म्हणाली, "जायफळ कमी पडलंय."

मंगळवारी बायकोने छोले भिजत घातले. बुधवारी सकाळी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, मग सहा, मग सोडा घालून आणखी पाच. झाकण काढून तिने एक छोला बोटांत दाबला. तो निसटला, ओट्यावर टप्पा खाऊन फ्रीजखाली गेला. ती माझ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "हे छोले परवा कुठे होते?"