लाकडी वेलस्लीचं राज्य

काकू, मोगऱ्याला पाणी मग घाला, आधी कुंपणापाशी या. एका घरची भानगड सांगायचीय. आपल्या गल्लीतली नाही हो, विलायतेतली, आणि तीही दोनशे वर्षांपूर्वीची. पण तिच्यात तुमच्या माहेरचा एक पाहुणा अडकलाय. पाहुणा कसला, दरोडेखोरच म्हणा.

इंग्लंडात यॉर्कशर म्हणून मुलूख आहे, तिथे डोंगरउतारावर हॉवर्थ नावाचं गाव. त्या गावच्या चर्चला 1820 साली नवा पाद्री आला, पॅट्रिक ब्राँटे. मूळचा आयर्लंडचा, गरीब शेतकऱ्याघरचा, दहा भावंडांत थोरला. हुशारीवर शिकला आणि वर आला. घरचं आडनाव ब्रंटी, पण केंब्रिजला गेल्यावर त्याने ते जरा झोकदार करून घेतलं. हसू नका. पुण्याला कॉलेजात जाऊन आल्यावर बोलणंच बदललेले आपल्या गल्लीतही आहेत, नावं घेत नाही.

सहा लेकरं होती. बायको पुढच्याच वर्षी गेली. तिची थोरली बहीण मदतीला म्हणून आली ती मरेपर्यंत राहिली. 1825मध्ये थोरल्या दोन मुली शाळेतून क्षय घेऊन घरी आल्या आणि दीड महिन्याच्या आत दोघी गेल्या. उरली चार: शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि शेंडेफळ ॲन. घर कसलं, तर दारातच कब्रस्तान. चर्चच्या आवारातल्या शिळा खिडकीतून दिसायच्या. चार लेकरं, एक मावशी, स्वयंपाकाला टॅबी नावाची म्हातारी, आणि अभ्यासाच्या खोलीत बसलेला बाप.

आता ऐका. 1826चा जून. बाप लीड्सला कामाला गेला होता, रात्री उशिरा परतला. पोराला लाकडी शिपायांचं खोकं आणलं, बारा शिपायांचं. मुलींनाही काहीबाही आणलं होतं, ॲनला नाचरी बाहुली, एमिलीला खेळण्यातलं गाव. पोरं झोपली होती. सकाळी उठल्याबरोबर ब्रॅनवेल खोकं घेऊन बहिणींच्या दाराशी. शार्लट टुणकन खाली उतरली, त्यातला एक शिपाई तिने उचलला आणि म्हणाली, हा माझा, हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन! बाहुल्या, गाव, सगळं बाजूला पडलं. तीन वर्षांनी तिने स्वतःच हे लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळलं. तिचा शिपाई सगळ्यांत उंच, सगळ्यांत देखणा. हे तिचंच म्हणणं हं.

ब्रॅनवेलने मग काय करावं? बोनापार्ट घेतला. बहिणीने वेलिंग्टन घेतल्यावर भावाला दुसरं काय उरतं? एमिलीने एक गंभीर चेहऱ्याचा उचलला, त्याला सगळे ग्रेव्ही म्हणायला लागले. ॲनच्या वाट्याला आला एक बारका, विचित्र दिसणारा. त्याचं नाव पडलं वेटिंग बॉय, म्हणजे हरकाम्या पोऱ्या. धाकटीच्या वाट्याला कुठेही असंच येतं. पुढे दोघी धाकट्यांनी ती नावं टाकली आणि उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या पॅरी आणि रॉस या दर्यावर्दींची घेतली.

वेलिंग्टन कोण, ओळखलंत? आर्थर वेलस्ली! हो, तोच. तुमच्या माहेरच्या असईचा. 1803च्या ऑगस्टात नगरचा किल्ला घेतला आणि 23 सप्टेंबरला केळना आणि जुईच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आला. तुम्ही लहानपणी सांगायचात ना, आजोबा ती जागा दाखवायचे म्हणून. वाटाड्यांनी सांगितलं, नदीला उतार नाही. हा बघतो तर दोन काठांवर समोरासमोर दोन गावं. म्हणाला, एवढी जवळ गावं आणि मधे उतार नाही, असं होणारच नाही. तिथूनच घुसला. शिंद्यांचे गोलंदाज तोफेपाशी मरेस्तोवर हटले नाहीत, याच्याकडचे दीड हजारावर मेले-जखमी झाले, याच्या मांडीखालचे दोन घोडे गेले. पुढे नेपोलियनला वॉटर्लूला हरवलं तरी आयुष्यातली सगळ्यांत सरस लढाई कोणती, असं विचारलं की म्हातारा असईचंच नाव घ्यायचा. त्या ब्राँटेच्या घरात हा माणूस म्हणजे देव. 1828ला तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा शार्लट अकरा वर्षांची. पार्लमेंटात त्याच्यावर काय बोललं गेलं हे वाचायला सगळं घर वर्तमानपत्रावर तुटून पडायचं.

तर या चार पोरांनी त्या बारा लाकडी शिपायांना एका जहाजात घातलं, जहाजाचं नाव ‘अजिंक्य’, आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवलं. आफ्रिकाच का? कारण त्या काळी वर्तमानपत्रांत तेच होतं. आजच्या घाना देशात अशांती लोकांचं मोठं राज्य होतं, 1824च्या जानेवारीत त्यांनी इंग्रज गव्हर्नरला लढाईत मारला होता. ‘ब्लॅकवुड’ मासिक ही पोरं उसनं आणून वाचायची, त्यात 1826च्या जूनमध्येच आफ्रिकेचा नवा नकाशा आला होता. तुमच्या नातवाला मोबाइलवर जे दिसतं तेच तो खेळतो ना? तसंच. शिपाई उतरले, अशांतींशी लढले, जिंकले आणि एक भलं थोरलं शहर बांधलं. ग्लास टाउन. पुढे इंग्रजी नाव साधं वाटलं असेल, म्हणून ग्रीक-फ्रेंच मिसळून व्हर्डोपोलिस केलं. आडनाव झोकदार करायची खोड बापाकडूनच आली असणार!

आणि शहर बांधायला हातभार कुणाचा? चार जिन्नांचा! टॅली, ब्रॅनी, एमी, ॲनी. म्हणजे हीच चौघं, नाव बदलून. ‘अरेबियन नाइट्स’ वाचल्याचा परिणाम. या जिन्नांना कसलीही अडचण नाही. कुणी लढाईत मेला तर त्याला जिवंत करायचं. शिपायाचं डोकं तुटलं किंवा शिपाई हरवला तरी राज्य चालूच. वेलस्ली पहिल्यांदा साधा तुतारीवाला होता म्हणे. तो इंग्लंडला परत गेला, नेपोलियनला हरवलं, मग आला आणि राजा झाला. प्रत्येकाला एकेक मुलूख वाटून दिला, मधे सगळ्यांची मिळून एक राजधानी. वाटणीत भांडण झालं नसेल असं मला मुळीच वाटत नाही.

राज्य आलं म्हणजे वर्तमानपत्र आलं, नाही का? 1829च्या जानेवारीत ब्रॅनवेलने मासिक सुरू केलं. मग ते शार्लटने हातात घेतलं आणि ‘यंग मेन्स मॅगझिन’ असं नाव दिलं. लाकडी शिपायांना वाचता आलं पाहिजे ना, म्हणून अंक शिपायाच्या मापाचा! आगपेटीहून फार मोठा नाही. साखरेच्या पुड्यांचा कागद, भिंतीच्या कागदाचे तुकडे, जे हाती लागेल ते कापायचं, मधोमध दोऱ्याने टाके घालायचे आणि छापल्यासारख्या बारीक अक्षरात भरून काढायचं. भिंग लावल्याशिवाय वाचता येत नाही. मला वाटतं मावशी आणि बापाला वाचता येऊ नये, हाही त्यात हेतू असावा. आत गोष्टी, कविता, पुस्तकांची परीक्षणं, जाहिरातीसुद्धा. त्यातला 1830 सालचा एक अंक 2019मध्ये पॅरिसला लिलावात निघाला, तो हॉवर्थच्या संग्रहालयाने सहा लाख युरो देऊन घरी आणला. 1829 सालची शार्लटच्या दहा कवितांची दुसरी एक चिमुकली वही 2022मध्ये साडेबारा लाख डॉलरना गेली. आणि आपण पोरांच्या वह्या रद्दीवाल्याला किलोवर घालतो.

शार्लटच्या गोष्टी सांगतो तो कोण, माहितेय? ड्यूकचा धाकटा मुलगा, लॉर्ड चार्ल्स. दारामागून कान लावायचा, थोरल्या भावाची लफडी चव्हाट्यावर आणायची, हाच त्याचा उद्योग. साम्राज्याचा इतिहास लिहायला तिने भाट नेमला नाही, चुगलखोर नेमला. याबद्दल मला त्या पोरीचं फार कौतुक आहे.

थोरला भाऊ म्हणजे झामोर्ना. वेलस्लीचा मुलगा, दिसायला मदन, वागायला विचारू नका. 1834मध्ये लढाईत पराक्रम केल्याबद्दल त्याने पूर्वेकडचा मुलूख मागून घेतला, त्याचं नाव अँग्रिया, आणि स्वतः तिथला राजा झाला. ॲड्रियानपोलिस अशी नवी राजधानी बांधली. पंतप्रधान कोण केला, तर स्वतःचा सासरा! अलेक्झांडर पर्सी, नॉर्दँगरलँडचा अर्ल, ब्रॅनवेलचा लाडका खलपुरुष. तोच मग जावयाविरुद्ध बंड करून उठला. जावयाने सूड कसा घ्यावा? त्याची मुलगी, म्हणजे स्वतःची राणी मेरी, तिला घराबाहेर काढलं. बघा, राज्य कुठलंही असो, पुरुषांच्या भांडणात घराबाहेर निघते ती बाई.

आणि इथे खरी गंमत. तोवर शार्लट वीस वर्षांची होऊन रो हेडच्या शाळेत मास्तरीण झाली होती. वर्गात मुलींच्या चुका तपासायच्या आणि मनात अँग्रियाची लढाई. इकडे घरी ब्रॅनवेलने परस्पर काय करावं? राणी मेरीला मारून टाकलं! झुरून झुरून मेली म्हणे. बिचारी शार्लट तिकडे शाळेत, पत्राची वाट बघत, खरंच मारली की काय, म्हणून जीव खालीवर. पुढे तिने काही ऐकलं नाही, राणीला सरळ जिवंत केलं. जिन्न होती ना ती. भावाने मारायचं आणि बहिणीने उठवायचं.

काकू, या सगळ्यात मला एकाच माणसाचं राहून राहून वाटतं. क्वाशिया. अशांतींचा राजा इंग्रजांशी लढून मेला, त्याचा पोरका मुलगा ड्यूक ऑफ वेलिंग्टनने सांभाळायला घेतला. स्वतःच्या मुलांबरोबर वाढवला. तो मोठा झाला आणि उलटला. गोष्टीत त्याला कृतघ्न म्हटलंय, दारुडा म्हटलंय, झामोर्नाच्या बायकोवर डोळा ठेवणारा म्हटलंय. अहो, पण राज्य कुणाचं होतं? जहाजातून उतरलेल्या बारा जणांचं की त्याच्या बापाचं? बारा वर्षांच्या मुलांना हे कळावं अशी माझी अपेक्षा नाही, त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं तेच लिहिलं. पण क्वाशियाला त्यांनी गोष्टीतून काढूनही टाकलं नाही. पुन्हा पुन्हा बंड करून तो उभाच राहतो. तुमचे आजोबा असते तर त्यांनी क्वाशियाची बाजू घेतली असती, खरं ना? हो, तुम्हीही घ्याल. मला ठाऊक होतं.

धाकट्या दोघी? त्या केव्हाच वेगळ्या निघाल्या. 1831मध्ये शार्लट शिकायला म्हणून घराबाहेर पडली आणि एमिली-ॲननी स्वतःचं बिऱ्हाड मांडलं. उत्तर प्रशांत महासागरात गोंडल नावाचं बेट. वेटिंग बॉयची भूमिका किती दिवस करायची! आफ्रिकेचं ऊन नको, यॉर्कशरसारखीच थंडी, वारा, माळ. आणि राज्य चालवायला राण्याही. गोंडलचे लोक मग दक्षिणेत गाल्डीन नावाचं आणखी एक बेट शोधायला निघाले. हे कुठे लिहिलंय माहितेय? 1834च्या नोव्हेंबरात एमिलीने एका चिठोऱ्यावर लिहिलंय. दुपारचे बारा वाजून गेलेत, मागच्या स्वयंपाकघरात मोलकरणीचं धुणं चाललंय, दुपारच्या जेवणाला सफरचंदाचं पक्वान्न व्हायचंय, टॅबी ओरडतेय की ॲन, ये आणि बटाटे सोल. आणि त्याच दमात, मधे रेघसुद्धा न ओढता, गोंडलचे लोक गाल्डीनच्या आत शिरताहेत. एमिली तेव्हा सोळा वर्षांची.

त्यांच्या गोंडलच्या गोष्टींचं एक पानही उरलं नाही, कविता तेवढ्या राहिल्या. शार्लटने 1839च्या सुमारास अँग्रियाला रामराम ठोकला. ब्रॅनवेल दारू आणि अफूपायी वाया गेला, त्याचं सांगत बसत नाही. पण एमिली! 1845च्या उन्हाळ्यात ॲनला घेऊन ती आगगाडीने यॉर्कला गेली, दोघींचा आयुष्यातला पहिलाच असा एकटीदुकटीचा प्रवास. जाता-येता दोघी गोंडलचे राजपुत्र आणि सरदारणी झालेल्या, शाळेच्या महालातून पळून राजाच्या पक्षाला मिळायला निघालेल्या. डब्यातल्या लोकांना वाटत असेल, पाद्रीबाबाच्या दोन अबोल मुली.

‘सव्वीस वर्षांची घोडी’ म्हणालात ना? म्हणा, म्हणा. त्या घोडीची ‘वदरिंग हाइट्स’ कादंबरी 1847च्या डिसेंबरात बाहेर पडली. ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ तिच्याच जोडीला. प्रकाशकाने आधी पोरींच्या पदरचे पन्नास पौंड ठेवून घेतले तेव्हा कुठे छापायला घेतली. पोरींकडे एवढे पैसे आले कुठून, हेच विचारणार होतात ना? मावशीकडून. लग्नाविना आयुष्य त्या घरात काढलं तिने, आणि 1842ला जाताना जे होतं ते भाच्यांच्या नावे करून गेली.