अपडेटची जागल

भाऊला रस्त्यात कोणी "काय म्हन्ते?" असं विचारलं, की तो गंभीर चेहरा करून सांगतो, "अजून तरी जुनंच चालू हाय." ऐकणाऱ्याला वाटतं, गुडघ्याचं बोलतोय, नाहीतर मोटारसायकलचं. खरं तर ही त्याच्या घरच्या कॉम्प्युटरमधल्या एका खेळाची खबर असते. खेळाचं अपडेट काल रात्री येऊन दारात उभं राहिलं होतं आणि भाऊनं ते आत शिरू दिलेलं नाही.

असा माणूस हल्ली गावोगाव असतो. पुलगावात असेल, चांदूर रेल्वेला असेल, आमच्या धामणगावात तर आहेच. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे' अशी पट्टी आली की आपण न वाचता ओके दाबून मोकळे होतो. हा माणूस मात्र चष्मा लावून ती पट्टी पूर्ण वाचतो, घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मग फुल्लीवर क्लिक करतो.

दिवसा भाऊचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान असतं. पीक विमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला. तिथे दर थोड्या दिवसांनी कुठलं ना कुठलं पोर्टल तोंड बदलतं. काल डावीकडे असलेलं बटण आज उजवीकडे जातं, काल चालणारा फोटो आज चार केबीनं मोठा ठरतो. भाऊ एक अक्षर बोलत नाही. समोरच्या म्हाताऱ्याला म्हणतो, "बाबा, बसा जराशेक, सर्व्हर डाऊन हाय." दिवसभर दुसऱ्यांनी केलेले बदल असे पचवायचे आणि रात्री जेवण झालं की घरच्या कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून एकही बदल होऊ द्यायचा नाही. विरोध करायला त्याला दुसरी जागाच उरलेली नाही, असं माझं मत आहे. वहिनींचं मत वेगळं आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

खेळाचं नाव युरो ट्रक सिम्युलेटर २. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीनं तो ऑक्टोबर २०१२ मध्ये काढला. ट्रक घ्यायचा, माल भरायचा आणि रॉटरडॅमहून बर्लिनला, कॅलेहून प्रागला पोचता करायचा. बंदुका नाहीत, मारामारी नाही. लाल सिग्नल तोडला तर मात्र पैसे कापले जातात. आमच्याकडच्या नव्या खेळाडूंना हा प्रकार सुरुवातीला खोटा वाटतो.

पण भाऊ ट्रक चालवत नाही. भाऊ एसटी चालवतो.

१ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला निघालेली एसटी युरोपात नेण्याचं काम महामंडळानं केलेलं नाही, ते हौशी पोरांनी केलं. खेळात बाहेरून बसवायच्या अशा जोडकामाला मॉड म्हणतात. लाल रंग, सरकत्या काचा, ड्रायव्हरमागची जाळी, सगळं रात्र-रात्र जागून बनवायचं आणि फुकट वाटायचं. भाऊची लालपरी अशाच एका पोराच्या हातची. भाऊनं स्वतःची भर घातली ती पाटीची: 'यवतमाळ – धामणगाव रेल्वे, मार्गे बाभुळगाव'. 'रेल्वे' गाळलं तर अक्षरं मोठी बसतील, असं मी सुचवून पाहिलं. भाऊ म्हणाला, "अन् मंग मानसं अचलपूरकडच्या धामणगाव गढीले उतरले तं? जबाबदार कोन?" हे संभाषण हॅम्बर्गबाहेरच्या महामार्गावर, रिकाम्या गाडीत झालं.

प्रागवाल्यांना यातलं काही माहीत नाही. ते वर्षातून दोन-चार वेळा नवी आवृत्ती सोडतात. नवे रस्ते, नवे ट्रक. २०२१ च्या १.४० मध्ये तर उजेडाची सगळी व्यवस्थाच नवी केली. खेळ सुधारत जातो यात वाद नाही. मॉड मात्र ज्या आवृत्तीच्या मापानं शिवलेला असतो, तिच्याच अंगाला बसतो. एकदा भाऊ लग्नाला अकोल्याला गेला आणि कॉम्प्युटर चालू राहिला. परत येऊन पाहतो तर अपडेट होऊन गेलेलं. लालपरीची चाकं होती, वायपर होते, मधली गाडी गायब. हवेत तरंगत फक्त पाटी चालली होती, मार्गे बाभुळगाव.

ज्यानं मॉड बनवला त्यालाच विचार ना, असं लोकांनी सुचवलं. भाऊनं विचारलं होतं. त्या पोराला पुण्याला नोकरी लागली. आता तो कंपनीत बसून दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर अपडेट सोडतो.

भाऊनं जुनी आवृत्ती कशीबशी परत मिळवली आणि तेव्हापासून त्याची जागल सुरू झाली. तूर-हरभरा उभा असला की आमच्याकडे माणसं रोही आणि रानडुकरं हाकलायला रात्री वावरात मचाणावर बसतात. भाऊ खुर्चीवर बसतो, एवढाच फरक. खेळ ज्या स्टीम नावाच्या दुकानातून घेतला, ते २००३ पासून चालू आहे आणि वस्तू विकल्यावरही तुमच्या घरी येणं-जाणं ठेवतं. खेळावर उजवं क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, अपडेट्स उघडा. तिथे विचारतात, अपडेट आपोआप करू, की तुम्ही खेळ उघडाल तेव्हा करू? 'करूच नका' हा पर्यायच नाही. भाऊनं ती यादी वरखाली करून पाहिली. माउसचं चाक बिघडलं असेल म्हणून नवा माउस आणला. नव्या माउसनंही तेवढंच दिसलं.

मग त्यानं स्टीम ऑफलाइन ठेवायला सुरुवात केली. तेवढ्यानं भागेना, कारण पुतण्या कधी तरी नेट जोडायचाच. तेव्हा भाऊ थेट मुळाशी गेला. स्टीमअ‍ॅप्स नावाच्या फोल्डरात प्रत्येक खेळाची एक चिमुकली फाइल असते, अ‍ॅपमॅनिफेस्ट म्हणतात तिला, आणि कुठली आवृत्ती बसलेली आहे याची नोंद तिच्यात असते. भाऊच्या खेळाचा नंबर २२७३००. स्वतःचा आधार नंबर त्याला पाठ नाही, हा आहे. ती फाइल त्यानं रीड-ओन्ली करून टाकली: वाचा, पण लिहू नका. तलाठ्याच्या दप्तराला ही सोय असती तर जिल्ह्यातले निम्मे दावे मिटले असते, असं तो म्हणतो. विंडोजचं त्यानं वेगळं पाहिलं. वायफायच्या सेटिंगात 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं, म्हणजे आमच्याकडे नेट मोजून मिळतं अशी कॉम्प्युटरची समजूत होते आणि तो मोठे डाऊनलोड आपणहून सुरू करताना हात आखडतो. घरात फायबर आलं तरी भाऊनं ही गरिबी कायम ठेवली आहे. वर सगळ्या खेळाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ती कपाटात, एलआयसीच्या पॉलिसी आणि शेताच्या खरेदीखताशेजारी ठेवली आहे.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या पानठेल्यावर भाऊ याच विषयावर कथा सांगतो. जीटीए फोर २००८ चा. दहा वर्षं झाली, गाण्यांचे परवाने संपले आणि एप्रिल २०१८ मध्ये अपडेट येऊन लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या खेळातली रेडिओवरची बरीच गाणी काढून नेली. वॉरक्राफ्ट थ्रीचं जानेवारी २०२० मध्ये नवं रूप आलं, तर ज्यांनी ते विकत घेतलंच नव्हतं त्यांच्याही गळ्यात तो अवाढव्य डाऊनलोड पडला. २७ सप्टेंबर २०२३ ला काउंटर-स्ट्राइक गो वाले झोपून उठले तर त्या जागी काउंटर-स्ट्राइक टू. फॉलआउट फोरला साडेआठ वर्षांनी, २५ एप्रिल २०२४ ला, मोठं अपडेट सुचलं. त्याच सुमाराला लंडनचा अख्खा नवा खेळ त्यावर जोडून बसलेल्या हौशी मंडळींना आपलं प्रकाशन जुलैपर्यंत ढकलावं लागलं. "पैसे आपून देल्ले," भाऊ सुपारी कातरत म्हणतो, "अन् रातच्याले घरात येऊन फर्निचर हालवते कोन? ते! निदान दार तं वाजवा, राजेहो!" तेवढ्यात विदर्भ एक्स्प्रेस येते. मुंबईला निघालेले यवतमाळचे लोक बॅगा उचलतात आणि काउंटर-स्ट्राइकवाल्यांचं पुढे काय झालं हे त्यांना कळत नाही.

भाऊचा सगळ्यात आवडता खेळ तसा क्रिकेट झिरो सेव्हन. ईए स्पोर्ट्सनं तो २००६ च्या शेवटी काढला आणि पुढे क्रिकेटचा पाठच सोडला. कंपनीनंच वाऱ्यावर सोडल्यामुळे त्यावर अपडेट येण्याची भीती उरली नाही. चाहतेच त्यात नवे खेळाडू, नवे कपडे भरत राहिले. ज्याला हवं त्यानं भरावं, नको त्यानं जुन्याच खेळाडूंना खेळवत बसावं. "असा खेळ पाह्यजे," भाऊ म्हणतो, "ज्याले मायबाप नाही."

या सगळ्यात एक गोष्ट भाऊच्या लक्षात आलेली नाही, आणि आम्ही ती आणून दिलेली नाही. अपडेट घेणारे लोक त्यात काय आहे हे कधी वाचत नाहीत. भाऊला मात्र ते अडवायचं असतं, म्हणून तो प्रत्येक अपडेटची यादी अथपासून इतिपर्यंत वाचतो. ऑस्ट्रियातला कुठला रस्ता नव्यानं बांधला, कुठल्या ट्रकच्या आरशाचा कोन सुधारला, सगळं त्याला ठाऊक. गावात युरो ट्रकच्या ताज्या आवृत्तीबद्दल काही विचारायचं असेल तर ती कधीही न बसवलेल्या या एकट्या माणसाला विचारावं लागतं.

घात झाला तो दिवाळीत. सुटीवर आलेल्या भाच्यानं प्रॉपर्टीजमध्येच शेजारचा 'बीटा' नावाचा टॅब उघडला. त्यात एससीएसनं खेळाच्या जुन्या आवृत्त्या ओळीनं मांडून ठेवलेल्या. हवी ती निवडा, खेळ तिथेच थांबतो. कुलूप नको, रीड-ओन्ली नको, ऑफलाइन नको. भाऊ बराच वेळ त्या यादीकडे पाहत राहिला. "मंग एवढे वर्सं सांगतलं काहून नाही?" तो प्रागला उद्देशून म्हणाला. त्यानं आपली आवृत्ती निवडली खरी, पण कपाटातली हार्ड डिस्क काढली नाही आणि ती फाइलही अजून रीड-ओन्लीच आहे. त्याचा चेहरा मात्र आठवडाभर निवृत्तीचा निरोप समारंभ झालेल्या माणसासारखा होता.

इथे एक सांगायला हवं. भाऊ सरसकट बह्याड नाही. बँकेच्या अ‍ॅपचं अपडेट आलं की तो त्याच मिनिटाला करतो, अँटिव्हायरसचंही करतो, आणि नव्या गोष्टींना नावं ठेवणारा कापसाच्या जीनमधला एक मुनीम टॅलीचं अपडेट थांबवून द्या म्हणून आला तेव्हा भाऊनं त्याला झाडलं. "जीएसटीचं काम हाय, तिथं जुनं ठेवून कायले दंड भरता? हे काय खेळ हाय?"

परवा भाच्यानं हट्ट धरला, मामा, आता गाडी चालवून तर दाखवा. भाऊ बसला. लालपरी ब्रेमेनवरून सुटली, प्रत्येक सिग्नलला थांबली. बऱ्याच वेळानं भाचा म्हणाला, "पण मामा, या नकाशात यवतमाळही नाही, बाभुळगावही नाही अन् धामणगावही नाही. गाडी जाईल कुठं?"

"नकाशा बनवून रायले म्हन्ते कोनं तरी, आपल्याकडचा," भाऊ म्हणाला. "पन त्याले नवीन व्हर्जन लागते."

"मग?"

"मंग काय," भाऊनं इंडिकेटर दिला, "हॅम्बर्गवरून वळवून घेतो."