पालथं करा!

लग्नाच्या पंगतीत ताट समोर आलं की ते उचलून पालथं करणारा, मागची कोरलेली अक्षरं वाचणारा आणि तोवर वाढप्याला भाजीच्या बादलीसकट ताटकळत ठेवणारा एक गृहस्थ तुमच्याही गावात असणारच. नसला तर गाव अजून पुरतं वसलेलं नाही असं समजा. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबमध्ये आमच्या वाट्याला आलेल्या या गृहस्थांना सगळे ‘सनवाले भाऊ’ म्हणतात. एका पंगतीत त्यांनी ताट पालथं केलं, अंगठ्यानं मागचं नाव-साल घासलं आणि वरबापाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, “हे ताट नवरीपेक्षा दोनच वर्सानं मोठं हाये.” नवरीचं वय बैठकीत जरा आखडून सांगितलेलं होतं. वरबाप ताटाकडे वाकून बघू लागला. पुढचं सांगत नाही. आम्ही दोघं मठ्ठा न पिता उठलो एवढंच.

भाऊंना वस्तू सरळ दिसतच नाही. वस्तूचं खरं तोंड तिच्या बुडाशी असतं अशी त्यांची श्रद्धा. चहा दिला की बशी पालथी. पाटावर बसवलं की आधी पाट पालथा. एका घरी सांत्वनाला गेलो होतो. मंडळी मान खाली घालून बसलेली, आणि भाऊ स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ उतरवताहेत. घड्याळ पालथं झालं, अंगठा फिरला. मग गेलेल्याच्या मुलाजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, “मानूस गेला तो गेला, पन घड्याळ जर्मन हाये. जपा.”

२८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली. गाडी गावात येणार म्हणून पिढ्यांनी वाट बघितलेली. सगळे मोबाइल उंच धरून इंजिनाकडे डोळे लावून उभे, आणि भाऊ मात्र गाडी गेल्यावर वाकून रूळ वाचत होते. रुळाच्या कुशीला कारखान्याचं नाव आणि लाटल्याचं साल उठवलेलं असतं, हे मला त्या दिवशी विनाकारण कळलं. वाचून झाल्यावर ते गंभीरपणे मला म्हणाले, “रूळ गाडीच्या आधीचा हाये.” आधीचाच असणार, भाऊ! पण त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख वेगळंच होतं. रूळ पालथा करता येत नव्हता.

चिंतामणीच्या देवळातही त्यांची अशीच अडचण होते. आमचा गणपती जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं. देऊळ कधीचं म्हणून विचारलं की सांगणारा गौतमाच्या शापापासून सुरुवात करतो. मग इंद्र येतो, अंकुशानं कुंड काढतो, गणपतीची स्थापना करतो. भाऊ हात जोडून सगळं ऐकतात आणि शेवटी विचारतात, “ते खरं हो, पन सन?”

हे वेड त्यांना कापसाच्या जिनिंगमध्ये लागलं. उभी हयात फिटर म्हणून गेली. कातड्याचा फिरता रूळ आणि त्याला टेकलेली सुरी, यांच्यातलं अंतर जुळवणं हे त्यांचं काम. सुरी जास्त दाबली तर कातडं करपतं, कमी दाबली तर सरकीला कापूस राहतो. जुन्या बिडाच्या चौकटींवर ओल्डहॅमच्या प्लॅट कंपनीचं नाव ओतलेलं. ते वाचता वाचता माणूस बिघडला. निवृत्तीनंतर शेतांच्या धुऱ्यांवर पडलेले नांगर सुरू झाले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा. लोखंडानं जमिनीला विष चढतं या समजुतीमुळे पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं लागली. ‘किर्लोस्करवाडी’ अशी अक्षरं दिसली तर नांगर १९१० च्या अलीकडचा. “वाडीच नव्हती तं वाडीचा नांगर कुठून येईन?” हा युक्तिवाद त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलाय की झोपेत विचारलं तरी मी १९१० सांगेन.

एवढ्यावर थांबले असते तर लिहायचं कारण नव्हतं. पण यवतमाळच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना कुठल्याशा जुन्या बंगल्यातून आलेली, ढकलत न्यायची गवत कापायची मशीन सापडली. विलायती. किलोच्या भावानं घेतली आणि ऑटोत घालून आणली. पाती बघून सगळ्यांना ती कडबाकुट्टीच वाटली. दुसऱ्या दिवशी एक जण ज्वारीच्या कडब्याची पेंढी घेऊन दारात हजर. ही जनावरांसाठी नाही, हिरवळीसाठी आहे, असं भाऊंनी सांगितलं. कळंबचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचा हशा वेगळा सांगायला नको. मे महिन्यात इथं गवत तर सोडाच, गवताची आठवणसुद्धा वाळून जाते.

मशीन मात्र भाऊंच्या हातातलीच निघाली. एका दांड्याभोवती पिळदार वळवलेली पाती, खाली एक आडवी स्थिर सुरी. ढकललं की पाती फिरतात आणि दोहोंमध्ये गवत कातरलं जातं. जिनची सुरी आणि ही सुरी सख्ख्या बहिणी, एक सासरी विलायतेत गेलेली, असं ते म्हणाले. मग गंज उतरवायला त्यांनी वहिनींची वर्षाची चिंच भिजवली. चाकाच्या आत, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसे, कुत्रे असतात. पुढे ढकलताना ते दातात अडकतात आणि मागे ओढताना कटकट करत सुटतात. एका सकाळी भाऊ अंगणातून ओरडले, “दोन्ही कुत्रे मेले वं!” शेजारीण नगरपंचायतीत कळवायला निघाली. वहिनी चूल फुंकत तशाच बसून राहिल्या. त्या घरात याहून वाईट बातम्या येऊन गेल्या होत्या.

धार लावायची रीत उलटी. पात्यांना ग्राइंडिंग पेस्ट फासायची आणि दांडा उलट्या दिशेनं फिरवत राहायचं, म्हणजे पाती आणि सुरी एकमेकींना घासून जुळतात. जुळल्या की नाही ते बघायला कागदाची पट्टी सुरीवर धरायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी न चुरगळता कापली गेली पाहिजे. तो कागद म्हणजे माझा पेपर. भाऊ ‘जरा बघून देतो’ म्हणून न्यायचे आणि परत यायची ती लक्तरं. कापसाच्या भावाचं पान हटकून कापलेलं. तक्रार केली तर म्हणाले, “भाव तं तसाही कापलेलाच येते.”

पण खरी परीक्षा सन काढण्याची. गंजाखालून बिडाची अक्षरं उगवली. रॅन्सम्स, सिम्स अँड जेफरीज, इप्सविच. झालं! त्यानंतर कळंबच्या बसस्टँडवर चहा प्यायला गेलेला एकही माणूस इप्सविचची माहिती न घेता परतला नाही. या कंपनीचे भागीदार बदलत गेले आणि दर वेळी पाटी बदलली. १८६९ पासून सिम्सच्या जोडीला हेड होते, १८८४ पासून सिम्स आणि जेफरीज. म्हणजे मशीन १८८४ च्या आधीची असू शकत नाही. रेखाटनाच्या नोंदणीचा, पत्त्यांतल्या चौकटसारखा शिक्का असता तर रेखाटन १८४२ ते १८८३ मधलं ठरलं असतं. तो नव्हता. पुढे कुठला भाग कुठल्या सालच्या यादीत दिसतो हे जुळवत भाऊंनी अख्खा चातुर्मास काढला आणि मशीन दोन महायुद्धांच्या मध्ये आणून ठेवली. आमच्या सोसायटीच्या संचालक मंडळाची नावं दर निवडणुकीला बदलतात, तीही कुणी बिडात ओतून ठेवली असती तर कर्ज कोणी खाल्लं याचं साल लागलं असतं, असं मी म्हणालो. भाऊंनी ते मनावर घेतलं. अजून सोसायटीचं टेबल पालथं करायची संधी शोधताहेत.

या मशीनचा जनक एडविन बडिंग. इंग्लंडातल्या स्ट्राउडचा. ३१ ऑगस्ट १८३० चं पेटंट. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. लोकांनी वेडा म्हणू नये म्हणून तो म्हणे रात्री मशीन चालवून बघायचा. आवळता-सैल करता येणारा पानाही त्याचाच मानतात. हे कळल्यापासून भाऊ आपल्या पान्याला हात लावण्याआधी कपाळाला लावतात. भाऊंचं हे आख्यान ऐकताना मला मात्र निराळंच दिसत राहतं. वऱ्हाडचा कापूस गाड्या भरभरून मँचेस्टरकडे गेला आणि बदल्यात आली ती साहेबाच्या बंगल्यापुढचं गवत सारखं करायची मशीन. सरकी काढलेल्याला सरकीचाही हिशेब मिळाला नाही.

हे भाऊंपुढे बोलायची सोय नाही. ते लगेच १८४२ वर जातात. त्या साली स्कॉटलंडातल्या शँक्सनं तट्टू जुंपायची मशीन काढली. हिरवळीवर टापांचे ठसे उमटू नयेत म्हणून जनावराच्या पायात कातडी बूट घालत. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी हे ऐकवलं. समोर बसलेला एक शेतकरी विडी विझवून म्हणाला, “घोड्याले बूट? भाऊ, मी उद्याची झूल उधारीनं आनली.” भाऊ गप्प झाले. असं क्वचित होतं.

अखेर पावसाळ्यात शाळेमागच्या मैदानावर मशीन चालवायचं ठरलं. गवत गुडघ्याएवढं. ही मशीन बोट-दोन बोटं वाढलेल्या गवतासाठी. उंच गवत तिच्यापुढे नुसतं वाकतं. भाऊंनी ढकललं, गवतानं नमस्कार केला, मशीन पुढे गेली, गवत पुन्हा उभं राहिलं. पलीकडे कुणाची तरी शेळी चरत होती. तिनं त्याच वेळात तिच्या वाट्याचा तुकडा चकचकीत करून ठेवला. एका म्हाताऱ्यानं विचारलं,

“हे कापलेलं कोनाले टाकते?”

“कोनालेच नाई. इंग्रज फेकून देत.”

“पानी देऊन वाढवत, अन् कापून फेकत?”

“हो ना जी.”

म्हातारा बराच वेळ मशीनकडे बघत राहिला. “मंग एवढे वरसं राज्य कसं केलं त्याईनं?”

आता एवढं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट सांगणं भाग आहे. मनात नाही, पण सांगतो. एक बाई त्यांच्याकडे शिवणयंत्र घेऊन आली. सिंगरचं. लग्नात बापानं दिलेलं, कोरं करकरीत आणलेलं. बाप आता नाही, म्हणून नीट करून ठेवायचं होतं. सिंगरच्या नंबरावरून साल निघतं. भाऊंनी मशीन आडवी केली, अंगठ्यानं नंबर घासला, बघितला, पुन्हा घासला. मग मशीन सरळ करून ठेवली आणि म्हणाले, “नवीच होय बाई. चांगली घेतली तुया बापानं.” ती गेल्यावर मी विचारलं. ते तेल घालत म्हणाले, “तिच्या लग्नाच्या पंचवीस वरसं आधीची हाये. त्यानं कुठून आनली असन, कशी पुसली असन, मले काय करा लागते?” ज्या माणसानं पंगतीत नवरीचं वय सोडलं नाही, त्यानं इथं चक्क खोटं साल सांगितलं. माझ्या माहितीत हे एकच.

आणि त्यांचं स्वतःचं? कागदावर जन्मतारीख एक जून. महाराष्ट्रात त्या पिढीतले निम्मे लोक एक जूनलाच जन्मले असावेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी उंची बघितली, कान धरायला लावला आणि जूनची पहिली तारीख टाकून मोकळे झाले. आईला विचारलं तर ती सांगायची, चिंतामणीच्या पायाशी गंगा आली होती, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात. पण कुंडातली गंगा बारा-बारा वर्षांनी वर येते म्हणतात. म्हणजे कुठली गंगा आणि कुठला पावसाळा? आई गेली, गुरुजी गेले. शँक्सच्या तट्टाचं साल तोंडपाठ असलेल्या माणसाजवळ स्वतःवर घासून बघायला नंबरच नाही.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला मी त्यांच्याबरोबर गेलो. यंत्रावर अंगठा ठेवायचा, मग आपण जिवंत आहोत असं ठरतं. भाऊंनी अंगठा ठेवला. नाही उमटला. पुसून ठेवला, नाही. चाळीस वर्षं सुऱ्या आणि वर हा सगळा गंज, अंगठ्यावर रेघ उरलीय कुठे? समोरचा पोरगा वैतागला. भाऊंनी सवयीनं ते छोटं यंत्र उचललं आणि पालथं केलं. मी त्यांचा हात धरला. मग डोळ्यांवरून काम झालं आणि भाऊ सरकारदरबारी आणखी एका वर्षापुरते जिवंत ठरले. पोरानं कागदावरून तपासत विचारलं,

“काका, जन्मतारीख एक जून. बरोबर?”

“बरोबर हाये,” भाऊ म्हणाले, “पन ओरिजिनल नाई. नंतर बसवलेली हाये.”