सातबाऱ्याचा सात डिसेंबर कसा करावा

मुळशी तालुक्यातल्या जमिनींची यादी हाती आली आहे ना? स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली सीएसव्ही फाईल, भूगावपासून ताम्हिणीपर्यंत. अभिनंदन. तिची वाट लावायला फार कष्ट पडत नाहीत: डबल क्लिक करा.

एक्सेल उघडेल. गट नंबर १२/३ च्या जागी १२ मार्च दिसेल, ७/१२ असेल तर ७ डिसेंबर. १४५/१३ मात्र जागचा हलणार नाही. वरवर नजर टाकणाऱ्याला तोच दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. कुणी लक्षात आणून दिलंच, तर घाईघाईने रकाना 'टेक्स्ट' करा. फाईल २०२४ साली उघडली असेल, तर १२ मार्चचा होईल ४५३६३. हा कुणाच्याही सातबाऱ्यावरचा गट नव्हे; १९०० सालापासून मोजलेले दिवस आहेत ते. आता 'सेव्ह' दाबा. मूळ नंबर हवा असेल तर तलाठी कार्यालय गाठा.

यात कमीपणा मानू नका, मोठमोठे फसलेत. एक्सेल जनुकांच्या नावांच्या तारखा करतं, म्हणून २०२० साली शास्त्रज्ञांनी 'मार्च१'चं 'मार्चएफ१' करून टाकलं. गट नंबरांबाबत भूमी अभिलेख खातं इतकं उदार होईलसं वाटत नाही.

काम खरंच करायचं असेल, तर फाईल 'डेटा' मेनूतून आत घ्या आणि रकान्यांचे प्रकार ओळखू नकोस असं एक्सेलला बजावा. 'आर' ही संगणकभाषा वापरत असाल तर तिच्या रीडर पॅकेजमध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार स्वतः लिहा. गट नंबर म्हणजे अक्षरं; त्यांची बेरीज कुणी करत नाही. तालुक्याचा जनगणना सांकेतांकही अक्षरंच, नाहीतर त्याच्या सुरुवातीचं शून्य गळतं.

खरी गंमत क्षेत्राच्या रकान्यात. सातबाऱ्यावर ०.४०.५० असतं: शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. दोन टिंबं पाहून सॉफ्टवेअर त्याला मजकूर समजतं, आणि इथे ते शहाणपणाचंच आहे. मजकूर म्हणूनच वाचा, मग दुसरं टिंब काढा. उरतं ०.४०५० हेक्टर, म्हणजे बरोबर ४०५० चौरस मीटर. पहिलं टिंब काढलंत, तर चाळीस गुंठ्यांचा मालक चाळीस हेक्टरांचा जमीनदार होईल.

आणि डबल क्लिक करण्याआधी मूळ फाईलची एक प्रत वेगळी ठेवा. फाईल सेव्ह करून बंद केली की एक्सेलचं 'अनडू' उपयोगाचं नाही.