छत्रीला ऊन बाधते का?

गच्चीवरच्या डिशची छत्री बारा महिने उन्हात उभी राहते आणि सावली मात्र कोणालाच देत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४६ अंशांवर गेला आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ ही पाटी आली, की घरोघरी निदान ठरलेले असते : छत्रीला ऊन लागले.

पत्र्याला उन्हाचे सोयरसुतक नसते. नाजूक असतो तो त्याच्यासमोर दांडीवर बसवलेला एलएनबी. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून आलेला क्षीण संदेश वाढवायचा, त्याची कंप्रता उतरवायची आणि केबलने खाली धाडायचा, हे त्याचे काम. त्यासाठी लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज त्याच केबलमधून वर येते. बहुतेक एलएनबी ६० अंशांपर्यंत चालतील अशा बेताने बनवलेले असतात. हवामान खात्याचा ४६ अंशांचा आकडा मात्र सावलीतला. उघड्या कोब्यावरची वस्तू त्याहून बरीच तापते. तापल्यावर एलएनबीतला गोंगाट किंचित वाढतो, कंप्रताही थोडी सरकते. खालचा सेट-टॉप बॉक्स एवढे सहसा सांभाळून घेतो. तेव्हा ऐन दुपारी मालिका बंद पडली, तर तिचे खापर सूर्यावर फोडण्याआधी रिचार्ज संपला आहे का, ते पाहिलेले बरे.

तरी उपाय होतातच. कोणी छत्रीवर ओले गोणपाट टाकतो. पाणी संदेशाच्या लहरी शोषून घेते, त्यामुळे छत्री गार होते आणि टीव्हीही. कोणी उरलेला चंदेरी ऑइलपेंट फासून छत्री चकचकीत करतो. हा उपाय त्याहून घातक. छत्रीचा मूळ रंग मुद्दाम निस्तेज, राखाडी ठेवलेला असतो, म्हणजे ऊन विखुरते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीवर भर दुपारी अडीचशे वॅटच्या आसपास ऊन पडते. ते सगळे एका बिंदूवर गोळा झाले, तर एलएनबीचे भरीत व्हायला वेळ लागणार नाही.

गंमत म्हणजे सूर्य नेमका छत्रीच्या रोखात येतो तो मे महिन्यात नव्हेच. मेअखेरीस तो नागपूरच्या थेट डोक्यावर असतो. उदाहरणार्थ, ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह तिथून दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंचीवर. दोघे एका रेषेत येतात मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुपारी बाराच्या सुमारास. तेव्हा सूर्याच्या रेडिओ-कोलाहलात उपग्रहाचा आवाज काही मिनिटे बुडतो. चित्र फुटते, आपोआप परतते, आणि मधल्या वेळात ज्याने केबल हलवलेली असते तो घरातला तंत्रज्ञ ठरतो.

उन्हाचा खरा अपराध वेगळाच, आणि तो उघडकीस येतो पावसात. एलएनबीच्या तोंडावरचे प्लॅस्टिकचे टोपण उन्हाने ठिसूळ होऊन तडकते. केबलचे काळे आवरण भेगाळते. कनेक्टरवर गुंडाळलेल्या चिकटपट्टीचा डिंक वितळून ती सैल लोंबू लागते. यातले काहीही मे महिन्यात बोंबलत नाही. मृगाची पहिली सर येते, फटीतून पाणी आत शिरते, तांब्यावर हिरवट गंज चढतो आणि दोष पावसाच्या माथी जातो. पाऊसही धुतल्या तांदळासारखा नाही, जोराच्या सरीत संदेश क्षीण होतोच. पण सर ओसरल्यावरही चित्र येत नसेल, तर गुन्हा वैशाखातला समजावा.

घरातल्या सेट-टॉप बॉक्सचे हाल तर कोणी विचारतच नाही. त्याच्या हवेच्या झरोक्यांवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती, शेजारी फुलदाणी. उन्हात न जाताही त्याला उष्माघात होऊ शकतो.

मृगाच्या आधी टोपण, चिकटपट्टी आणि कनेक्टर एकदा पाहून घ्यावेत. केबल कनेक्टरखाली थोडा झोळ देऊन बांधावी, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. गच्चीवर मात्र सकाळी आठच्या आत जावे. एलएनबी ६० अंशांपर्यंत तग धरतो, माणूस नाही.