तारीख दिसते, बाकी विचारू नका

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडच्या स्टँडवर चहा येईपर्यंत हायकोर्टातलं प्रकरण पाहून होतं. कोर्टाचं ॲप उघडायचं, सोळा अक्षर-आकड्यांचा प्रकरणाचा नंबर, म्हणजे सीएनआर, टाकायचा. पक्षकार, वकील, पुढची तारीख, सगळं हजर. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच.

भांडण कशाचं आहे, तेवढं मात्र त्यात नसतं.

ऑर्डर उघडा. चार ओळी. वकिलांचं ऐकलं, सरकारी वकिलांनी वेळ मागितला, स्टँड ओव्हर, म्हणजे पुढे ढकललं. याचिकेत काय म्हटलं? सरकारने प्रतिज्ञापत्रात काय कबूल केलं? ते वकिलाच्या फायलीत. आणि फाईल मागायला गेलं की वकीलसाहेब खंडपीठात.

बरं, नंबर माहीत नसेल तर? पक्षकाराचं नाव द्या, वकिलाचं द्या, वर्ष द्या. गावाच्या नावाने शोधायची सोय नाही. माजलगाव धरणात गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याचा अभ्यास एखाद्या पोराने काढला, तर आधी शेतकऱ्यांची नावं पाठ करावी लागतील. एफआयआर मात्र पोलीस ठाण्यावरून शोधता येतो, आणि दिंद्रुडला ठाणं आहे.

म्हणजे गुन्हा केलेला सापडतो, जमीन गेलेला सापडत नाही.

युक्तिवादाचं तर विचारूच नका. घटनेच्या २१५ व्या कलमाने उच्च न्यायालय हे अभिलेख न्यायालय. पण तासभर दोन वकील भांडले, त्यातलं अभिलेखात किती उतरतं? 'ऐकलं' एवढंच.

अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय १९५५ पासून युक्तिवाद टेप करतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयात घटनापीठांचं थेट प्रक्षेपण आलं २७ सप्टेंबर २०२२ ला, आणि यंत्राने शब्द टिपायला सुरुवात झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. दोन्ही मुहूर्तांना कोणतं प्रकरण हजर होतं? शिवसेना कोणाची, हे! आमदार कोणत्या दाराने गेले त्याचा शब्दन् शब्द जपून ठेवलाय. धरणग्रस्ताच्या अपिलाला एवढी शाई कोण देतो?

मग माहिती अधिकार टाका की!

टाकून पाहिला लोकांनी. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात निकाल दिला: कोर्टातले कागद हवेत, तर माहिती अधिकारातून नाही, हायकोर्टाच्या नियमांतून या. आणि तुम्ही पक्षकार नसाल, तर कागद कशाला हवेत ते लिहून द्या. माहिती अधिकाराचं एवढं कौतुक कशासाठी होतं? कारण विचारायचं नाही, यासाठीच ना?

'कळावं म्हणून' हे कारण चालतं का, ते विचारायला पुन्हा वकील लावा.

कागद हाती आला, तरी वाचणार कोण? निजामाच्या राज्यात बीडचा माणूस हैदराबादच्या हायकोर्टात गेला, की कागद उर्दूत. गावात वाचणारा शोधावा लागे. निजाम गेला, राज्य मराठी झालं, २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला खंडपीठ बसलं, मुंबईची वारी वाचली. कागद इंग्रजीत. गावात वाचणारा शोधावाच लागतो.

घटनेचं ३४८ वं कलम इंग्रजी सांगतं, हे खरं. पण त्याच कलमात राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या संमतीने दुसरी भाषा आणायची वाटही आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार त्या वाटेने हिंदीत गेले. आपण? आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो.

निकाल मराठीत अजिबात मिळत नाहीत, असंही नाही. काही निवडक निकालांचे अनुवाद होतात. त्यांना एक टीप जोडलेली असते: हा अनुवाद पक्षकाराला समजावा एवढ्यापुरता, अंमलबजावणीसाठी इंग्रजीच ग्राह्य. थोडक्यात, समजेल तो निकाल लागू नाही, आणि लागू होईल तो समजणार नाही.